गोळी पोटाची, थरथर हाताची

हाताला कंप सुटणे, पाय घासत चालणे, चेहरा निर्विकार होणे ही लक्षणे दिसली की पार्किन्सनचा आजार, म्हणजे कंपवात, हे निदान सर्वांत आधी सुचते. या लक्षणांच्या कारणांत मूळ कंपवाताच्या खालोखाल क्रमांक लागतो तो औषधांचा. डोपामीन या मेंदूतील रसायनाच्या कामात अडथळा आणणारी औषधे माणसाची हालचाल मंदावू शकतात, मान वाकडी करू शकतात, जीभ सतत वळवळत ठेवू शकतात. मनोविकारांवरच्या गोळ्यांनी असे होते, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. ओकारी थांबवणारी, चक्कर घालवणारी, पोट हलके करणारी काही रोजची औषधेही त्याच जातीची आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्याचे शास्त्रीय नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे शब्दशः ‘काळा पदार्थ’. इथल्या चेतापेशी आपले लांब धागे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायटम या भागापर्यंत नेतात आणि तिथे डोपामीन सोडतात. ते टिपून घेण्यासाठी समोरच्या पेशींवर रिसेप्टर असतात. त्यांतला ‘डी-२’ हा प्रकार या सगळ्या कथेच्या केंद्रस्थानी आहे. हवी ती हालचाल सुरळीत सुरू व्हावी आणि नको ती दबून राहावी, ही व्यवस्था या देवघेवीवर चालते. ॲसिटिलकोलीन हे दुसरे रसायन तराजूच्या दुसऱ्या पारड्यात असते. डोपामीनचे पारडे वर गेले की ॲसिटिलकोलीनचे जड होते.

डोपामीनचे काम एवढ्यावर संपत नाही. भावना आणि प्रेरणा यांच्याशी जोडलेल्या भागांत ते असते, पिट्युटरी ग्रंथीतून दूध आणणारे संप्रेरक किती सुटावे हेही ते ठरवते आणि ओकारीची सूचना देणाऱ्या केंद्रातही त्याचे रिसेप्टर असतात. गोळी एकदा रक्तात उतरली की तिला पत्ता सांगता येत नाही. भास थांबवण्यासाठी किंवा उमासे थांबवण्यासाठी दिलेले औषध स्ट्रायटममध्येही पोहोचते आणि तिथलेही डी-२ रिसेप्टर अडवून बसते. सगळे दुष्परिणाम या एका गोष्टीतून निघतात.

ही गोष्ट उलगडली ती एका भारतीय वनस्पतीमुळे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर आणि निद्रानाशावर आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. 1931मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरवणाऱ्या गुणाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या चाचणीचे निष्कर्ष छापले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. 1952मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळीतून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. रक्तदाबावर आणि स्किझोफ्रेनियावर ते भराभर वापरले जाऊ लागले आणि त्याबरोबरच काही रुग्ण कंपवात झाल्यासारखे ताठर, मंद होऊ लागले.

असे का होते, याचे उत्तर स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांवरच्या प्रयोगातून दिले. रेसर्पीन टोचलेले ससे निपचित पडले. शरीरात ज्यापासून डोपामीन बनते तो लेव्होडोपा टोचताच ते थोड्याच वेळात उठून हालू लागले. 1957-58च्या या कामातून दोन गोष्टी कळल्या. डोपामीन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि त्याचा तुटवडा झाला की शरीर जखडते. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले. कंपवातावरचा लेव्होडोपाचा उपचारही याच विचारातून उभा राहिला. तेव्हा औषधाने झालेला कंपवात समजला म्हणून खऱ्या कंपवाताचा उपचार सापडला, असे म्हणायला हरकत नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन आले. 1952मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात झाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेल्या रुग्णांना घरी जाता येईल अशी आशा प्रथमच निर्माण झाली. 1958मध्ये बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेतून हॅलोपेरिडॉल बाहेर पडले. रेसर्पीन डोपामीनचा साठाच रिकामा करते. ही नवी औषधे साठ्याला हात न लावता रिसेप्टर अडवतात. हात ताठरले म्हणजे औषध लागू पडले, असा समज त्या काळात डॉक्टरांतही होता. रुग्णांनी या समजाची किंमत बरीच वर्षे मोजली. पुढे स्वीडनमध्ये मेंदूच्या पेट स्कॅनने मोजमाप झाले, तेव्हा कळले की स्ट्रायटममधले साधारण 65 ते 70 टक्के डी-२ रिसेप्टर अडले की भास-भ्रम आटोक्यात येतात आणि सुमारे 80 टक्क्यांच्या वर गेले की शरीर ताठरू लागते. म्हणजे दोन्हींच्या मध्ये जागा आहे, पण ती अरुंद आहे. मात्रा वाढवत नेली की गुण तेवढाच राहतो आणि त्रास वाढतो.

हे विकार औषध सुरू झाल्यापासून किती काळाने उगवतात, यावरून त्यांचे प्रकार पडतात.

सर्वांत लवकर आणि सर्वांत नाट्यमय असतो तो तीव्र डिस्टोनिया. औषधानंतर काही तासांत, फार तर चार दिवसांत, स्नायूंचा एखादा गट जोराने आखडतो. मान एका बाजूला वळते, जबडा वाकडा होतो, जीभ बाहेर येते, पाठ कमानीसारखी ताणली जाते. डोळे वर फिरून तिथेच खिळून राहण्याचा एक प्रकार आहे, तो पाहणाऱ्याचा थरकाप उडवतो. रुग्ण या सगळ्या वेळी पूर्ण शुद्धीवर असतो आणि वेदना सोसत असतो. मुले आणि तरुण यांना हा त्रास जास्त होतो. हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनाने तो होतोच, पण आपल्याकडे वारंवार दिसणारे कारण अगदी साधे असते. जुलाब-उलट्यांसाठी मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन घेऊन मुलगी दुपारी घरी येते आणि संध्याकाळी तिची मान वळू लागते. घरच्यांना ते अंगात आल्यासारखे वाटते, लिंबू उतरवून होते. दवाखान्यातही फिट, धनुर्वात किंवा नाटक अशा तिन्ही शंका घेतल्या जातात. धनुर्वातात जबडा बहुधा आधी बसतो आणि बसलेलाच राहतो. डिस्टोनियाची कळ येते-जाते, आणि आदल्या एक-दोन दिवसांत एखादे इंजेक्शन किंवा गोळी घेतलेली असते. तेवढा एक प्रश्न विचारला की निदान होते.

उपचारही तेवढाच झटपट. ॲसिटिलकोलीनचे पारडे हलके करणारे औषध टोचले की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. आपल्याकडे त्यासाठी प्रोमेथाझीन सहज हाताशी असते. उताऱ्याचा असर मूळ औषधाच्या आधी ओसरू शकतो, म्हणून पुढचे दोन-तीन दिवस गोळ्या चालू ठेवतात. स्वरयंत्राचे स्नायू आखडून श्वास कोंडणे हा याचा क्वचित होणारा पण जीवघेणा अवतार आहे. श्वास घेताना घरघर ऐकू आली तर घरी वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरा विकार अकाथिसिया. ग्रीक भाषेतल्या या शब्दाचा अर्थ ‘बसता न येणे’. प्रागचे वैद्य लादिस्लाव हाश्कोव्हेत्स यांनी 1901मध्येच हा शब्द वापरला होता. ही औषधे तेव्हा जन्मालाही आली नव्हती. मराठीतला ‘चुळबुळ’ हा शब्द त्याला जवळचा असला तरी सौम्य पडतो. रुग्ण बसतो, उठतो, येरझाऱ्या घालतो, उभा असला तर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत राहतो. आतून कोणीतरी ढकलत असल्यासारखे त्याला वाटते. दिसायला हा विकार किरकोळ आहे, भोगायला मात्र फार वाईट. बेचैनी असह्य होऊन आत्महत्येचे विचार येऊ शकतात. शिवाय इथे एक सापळा आहे. मनोरुग्ण येरझाऱ्या घालू लागला की आजार उसळला असे वाटते, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि येरझाऱ्या आणखी वाढतात. खरा इलाज उलट दिशेचा. मात्रा कमी करावी किंवा औषध बदलावे आणि सोबत प्रोप्रॅनोलॉलसारखे औषध द्यावे.

तिसरा प्रकार औषधजन्य कंपवात. तो काही आठवड्यांत ते काही महिन्यांत हळूहळू चढतो आणि गोंधळ सर्वांत जास्त याच्यामुळे होतो. आजी सावकाश चालू लागतात, पाऊल लहान पडते, अक्षर बारीक होते, आवाज खालावतो. वय झाले, असे घरचे म्हणतात. मूळ कंपवात बहुधा एका हातापासून सुरू होतो, तर औषधाचा कंपवात दोन्ही बाजूंना साधारण सारखा असतो आणि त्यात कंपापेक्षा ताठरपणा जास्त जाणवतो. पण हा फरक नेहमी इतका स्वच्छ नसतो. कधी फक्त ओठ उभ्या दिशेने भराभर थरथरतात, अगदी सशाच्या ओठांसारखे, आणि वैद्यकात त्याला ‘रॅबिट सिंड्रोम’ असेच नाव आहे.

वयस्क माणसाच्या रोजच्या गोळ्यांत या कंपवाताचे संभाव्य आरोपी बरेच असतात. ओकारी आणि पोटफुगीसाठी मेटोक्लोप्रमाइड. चक्कर येते म्हणून प्रोक्लोरपेराझीन किंवा सिनारिझीन. अर्धशिशीसाठी फ्लुनारिझीन. सिनारिझीन आणि फ्लुनारिझीन कॅल्शियमचे मार्ग अडवणारी औषधे म्हणून ओळखली जातात, पण डी-२ रिसेप्टरही अडवतात. 1980च्या दशकात स्पेन आणि अर्जेंटिनातील डॉक्टरांनी त्यांच्यामुळे झालेल्या कंपवाताकडे लक्ष वेधले. भारतात यांत लेव्होसल्पिराइडची भर पडते. मुळात मनोविकारावरच्या औषधांच्या कुळातले हे औषध पोट लवकर रिकामे करते, म्हणून ते रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. रुग्णाच्या लेखी ती नुसती ‘ॲसिडिटीची कॅप्सूल’ असते. सकाळी उपाशीपोटी एक, अशी ती महिनोन्‌महिने चालते. चिठ्ठी एकदाच लिहिली जाते आणि पुढे केमिस्ट जुने पाकीट पाहून नवे देत राहतो. सिनारिझीन, फ्लुनारिझीन आणि लेव्होसल्पिराइड ही तिन्ही अमेरिकेत विक्रीसाठी मान्य नाहीत, त्यामुळे तिथल्या चर्चेत त्यांना फारशी जागा नाही. आपल्या डॉक्टरांना हा धडा आपल्याच रुग्णांकडून शिकावा लागतो.

डोम्पेरिडोनची गोष्ट थोडी वेगळी आहे. रक्तातले पदार्थ मेंदूत सरसकट शिरू नयेत म्हणून मेंदूभोवती एक गाळणी असते. ओकारीचे केंद्र या गाळणीच्या बाहेर येते. डोम्पेरिडोन गाळणी फारसे ओलांडत नाही, म्हणून ते ओकारी थांबवते आणि स्ट्रायटमपर्यंत क्वचितच पोहोचते. कंपवाताच्या रुग्णाला मळमळ झाली तर मेटोक्लोप्रमाइड टाळून डोम्पेरिडोन निवडण्याचे कारण हेच. त्याची हृदयाच्या ठोक्यांवर होणारी बाधा हा निराळा विषय, पण वृद्धांत तोही विसरून चालत नाही.

औषधाचा कंपवात ओळखला गेला नाही की एक साखळी सुरू होते. मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्या वृद्धांवर कंपवाताचे औषध सुरू होण्याची शक्यता न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट होती, असे 1995मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. म्हणजे एका गोळीच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरी गोळी लिहिली गेली. लेव्होडोपाचा इथे फारसा उपयोग होत नाही, कारण कुलूपच अडलेले असताना किल्ल्या वाढवून काय होणार? उलट लेव्होडोपाने मळमळ होते आणि मळमळीसाठी पुन्हा मेटोक्लोप्रमाइड लिहिले जाऊ शकते.

कारण असलेले औषध थांबवले की बहुतेकांची लक्षणे काही आठवड्यांत ते महिन्यांत उतरतात. काहींची उतरत नाहीत. त्यांच्या मेंदूत खरा कंपवात आधीच दबा धरून बसलेला असतो आणि औषधाने तो फक्त लवकर उघडा पडतो. हे ठरवण्यासाठी डोपामीन सोडणाऱ्या टोकांचा स्कॅन उपयोगी पडतो. आपल्याकडे तो ट्रोडॅट स्कॅन म्हणून ओळखला जातो. औषधाने फक्त घेणारी बाजू अडलेली असते आणि देणारी टोके शाबूत असतात, त्यामुळे स्कॅन सर्वसाधारण येतो. मूळ कंपवातात ती टोकेच झडलेली दिसतात.

चौथा विकार टार्डिव्ह डिस्कायनेशिया. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. 1957मध्ये जर्मनीत त्याचे पहिले वर्णन झाले आणि 1964मध्ये डॅनिश डॉक्टरांनी त्याला हे नाव दिले. महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर तोंड आपोआप चालू लागते. काहीतरी चघळल्यासारखे, चोखल्यासारखे होते, जीभ आत-बाहेर करते, गाल फुगतात, बोटे पियानो वाजवल्यासारखी हलतात. झोपेत हे सारे थांबते. अनेकदा ते रुग्णाच्या लक्षातही येत नाही. पंगतीत लोक पाहू लागतात तेव्हा घरच्यांना जाणवते. कवळी नीट बसत नसेल तरीही तोंड असेच चाळवते, म्हणून तपासणी कवळीपासून सुरू करावी लागते.

यामागची कल्पना अशी की दीर्घकाळ उपाशी ठेवलेले रिसेप्टर हपापलेले होतात आणि थोड्याशा डोपामीननेही उसळतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, पण एक विचित्र अनुभव त्यातून समजतो. औषध अचानक थांबवले की हालचाली वाढतात आणि मात्रा वाढवली की तात्पुरत्या दबतात. दबलेला विकार बरा झाला असे वाटते, आत तो मुरतच असतो. जुन्या पिढीच्या मनोविकार-औषधांवर दर वर्षी सुमारे 5 टक्के प्रौढांत हा विकार नव्याने दिसतो. वृद्धांत हे प्रमाण कितीतरी जास्त असते. स्त्रिया, मधुमेही आणि सुरुवातीलाच ताठरपणा आलेले रुग्ण यांना धोका अधिक. डिस्टोनियात उतारा म्हणून कामी येणारे ट्रायहेक्सिफेनिडिल इथे उलटे पडू शकते. तरी ते मनोविकाराच्या गोळीसोबत अनेकांना वर्षानुवर्षे जोडीने दिले जाते. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि म्हातारपणातला विसराळूपणा ही त्या जोडगोळीची देणगी.

प्रत्येक विचित्र हालचाल औषधाचीच असते असेही नाही. तमिळनाडूत, कधीच उपचार न मिळालेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची पाहणी झाली होती आणि त्यांच्यातल्या काहींत अशाच हालचाली आढळल्या. 1996मध्ये ती प्रसिद्ध झाली. आजाराचा स्वतःचा वाटा किती आणि औषधाचा किती, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो. औषध मात्र पारडे झुकवते, यात शंका नाही.

पाचवा विकार विरळा आणि सर्वांत घातक: न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम. ताप चढतो, शरीर लाकडासारखे होते, रुग्ण बरळू लागतो, नाडी आणि रक्तदाब हेलकावे खातात. स्नायू मोडून रक्तात सीके हे विकर वाढते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. ही अतिदक्षता विभागाची बाब आहे. पहिले काम औषध थांबवण्याचे. कंपवाताच्या रुग्णाने लेव्होडोपा एकाएकी बंद केला तरी हेच चित्र उभे राहू शकते, कारण दोन्हीकडे डोपामीनचे काम अचानक ठप्प झालेले असते.

डोपामीन वाढवणारी औषधे हालचाली उलट्या बाजूने बिघडवतात. लेव्होडोपा काही वर्षे घेतल्यावर मात्रेचा जोर असताना रुग्णाचे हातपाय आणि धड नाचल्यासारखे हलतात. ताठरपणापेक्षा हे बरे, असे अनेक रुग्ण म्हणतात आणि उपचार ठरवताना त्यांचे म्हणणे मोलाचे ठरते. खाजकुहिलीच्या बियांत निसर्गतः लेव्होडोपा असतो, हे 1937मध्ये भारतीय संशोधकांनीच दाखवले. तेव्हा तिची चूर्णे ‘निर्धोक जडीबुटी’ म्हणून वर घेणाऱ्याने आपल्या डॉक्टरांना ते सांगायला हवे.

टार्डिव्ह विकारावर बराच काळ खात्रीचा उपाय नव्हता. 2017मध्ये अमेरिकेत व्हॅल्बेनाझीन आणि ड्यूटेट्राबेनाझीन यांना मान्यता मिळाली. त्यांचे जुने भावंड टेट्राबेनाझीन 1950च्या दशकातले. ही औषधे चेतापेशीतली डोपामीनची साठवण कमी करतात, म्हणजे एके काळी सर्पगंधेतल्या रेसर्पीनने जे केले तेच, जरा बेताने आणि बहुतांशी मेंदूपुरते. म्हणून त्यांनीही उदासी आणि कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. मनोविकाराचे औषध बदलण्यासारखे असेल तर क्लोझापीन किंवा क्वेटियापीनकडे वळता येते. क्लोझापीन हालचाली क्वचितच बिघडवते, पण त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित रक्ततपासणी चुकवता येत नाही. मेटोक्लोप्रमाइडबाबत नियामकांनी केव्हाच हात आखडता घेतला आहे. अमेरिकेने 2009मध्ये बारा आठवड्यांहून जास्त काळ ते न देण्याची ठळक सूचना पाकिटावर आणली, तर युरोपने 2013मध्ये साधारण पाच दिवसांची आणि दिवसाला 30 मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

मनोविकाराची गोळी मनानेच बंद करणे मात्र धोक्याचे आहे. मूळ आजार उसळू शकतो आणि हालचालीही वाढू शकतात. ती कमी करायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी-पायरीने. हातपाय ताठरले, तोंड चाळवू लागले किंवा बसवेनासे झाले, तर घरातली सगळी औषधे एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत: पोटाची, चक्करची, अर्धशिशीची, झोपेची, चूर्णे-काढेही. गेल्या सहा महिन्यांत थांबवलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटेही त्यात असू द्यावीत, कारण टार्डिव्ह विकार कधी कधी औषध बंद केल्यानंतरच पहिल्यांदा दिसतो.